इंदूवहिनीचा उजवा हात

यवतमाळ, मार्च १९६४

तुळसाआत्या, तुला जय भीम.

इंदूवहिनीनं आज उजव्या हातानं तांब्या उचलला आणि स्वतः पाणी प्यायली! मी वॉर्डातच टाळ्या वाजवल्या, नर्स रागावली.

बाळंतपणानंतर झटके येऊन तिचा तो हात लुळा पडला, वाचा गेली, तेव्हा तू म्हणालीस, "बाहेरचं लागलं." मी दवाखान्याचा हट्ट धरला. "बी.ए. झाली म्हनून मले बाळंतपन शिकवतं का?" असं म्हणून तू रागानं केळापूरला निघून गेलीस.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली आहे. बाळंतिणीचं रक्त आधीच लवकर गोठतं. त्यात पाणी तोडलं की धोका वाढतो. त्यांनी सलाईन लावलं, झटक्यांचं औषध दिलं, गुठळी वाढू नये म्हणून इंजेक्शनं दिली. एका सकाळी वहिनी बोलली, "पानी दे वो." दादा ढसाढसा रडला.

पोट सुटू नये म्हणून तू तिला घोटघोटच पाणी देत होतीस. तुझ्या आईनंही तुला तसंच दिलं होतं. मायेनंच.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला ते दुसरं कुणी वाचून दाखवेल आणि सारं गाव तुलाच बोल लावेल. उद्याच्या एसटीनं मीच येते. वहिनीनं बजावलंय, "आत्याबाईले घेऊनच ये. त्याईच्या हातानं तांब्याभर पानी प्याचं हाय मले."

तुझ्या मांडीवर वाढलेली,
सुगंधा