एका छपराखालचं कार्ड

१९ मार्च, दुपार

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या दाजींचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्याहून कमीच. सध्या मी शाळेचे गणवेश शिवायला घेतलेत, त्यामुळे घरभर निळे धागे. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून ही चिठ्ठी हार्डवेअरवाल्या काकांच्या हाती देते आहे. त्यांच्यावर चिडू नकोस. तू लाकूड कापायचं मशीन विकायला काढलंस हे त्यांनीच सांगितलं, आणि का काढलंस तेही.

आधी एवढं ऐक. मशीन विकू नकोस. निदान तीन तारखेपर्यंत तरी नको.

तुझ्या चिमीच्या हृदयाला भोक आहे हे मला काकांच्या दुकानात शिलाई मशीनचं तेल घेताना कळावं, याचं वाईट वाटलं. पण तक्रार करायला मला तोंड नाही. का, ते सांगते. जरा आडवळणाने सांगेन, सांभाळून घे.

आरोग्य विम्याचं आपलं कार्ड तुला आठवत असेल. नोकरीवाल्यांची वर्गणी मालक भरतो, हातावर पोट असलेल्या आपल्यासारख्यांनी ती आपणहून भरायची, आणि एका छपराखाली राहणाऱ्यांचं मिळून एकच कार्ड. तू घर सोडलंस तेव्हा तुम्हा तिघांची नावं मी काढली नाहीत. चार वर्षं, दर तीन महिन्यांनी, पाचही जणांची वर्गणी भरत राहिले. विमा कचेरीच्या खिडकीवरच्या बाई प्रत्येक वेळी चष्म्यावरून बघत विचारायच्या, "भाऊ इथंच राहतो ना?" मी म्हणायचे, "हो, कामासाठी बाहेर असतो, येऊन जाऊन." धडधडीत खोटं. दाजी म्हणायचे, "तू त्याच्यावर रागावलीयस की त्याचा विमा उतरवतेयस, एक काय ते ठरव."

या चार तारखेला मी भरायला निघाले होते. बाजारात तू मला पाहिलंस आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेलास. चिमी तुझ्या कडेवर होती, मागे वळून माझ्याकडे बघत होती. एवढी सहा वर्षांची पोर कडेवर का, असं क्षणभर मनात आलंही. पण मला राग आला होता, आणि तो विचार तिथेच राहिला.

खिडकीशी बाईंनी नेहमीचं विचारलं. मी म्हणाले, "नाही राहत." त्यांनी तीन नावांवर रेघ मारली, मला सही करायला सांगितलं. मी केली. दोनदा विचार केला नाही, हेही सांगून टाकते.

पाच दिवसांनी तुम्ही चिमीला दवाखान्यात नेलंत.

काल मी परत तिथे गेले. रडले, मागची रांग वैतागली. बाई म्हणाल्या, "आजार निघाल्यावर नव्याने नाव घातलं तर वर्षभर काही मिळत नाही. पण काढलेलं नाव तीस दिवसांत परत चढवलं तर मध्ये खंड धरत नाहीत. फक्त या खेपेला आमचा माणूस घर बघायला येईल, आणि तो सांगून येत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागे तुम्ही काय सांगत होता, ते मी विचारत नाही."

तेव्हा आता खोटं चालणार नाही, आणि मला ते सांगायचंही नाही. तुम्हाला खरोखर इथे राहायला यावं लागेल. तीन एप्रिलच्या आत.

कोणत्या तोंडाने बोलावतेस, म्हणशील. तू केलेल्या कपाटाचं दार बसत नव्हतं, तेव्हा मी गिऱ्हाइकासमोर म्हणाले होते, "फुकट राहतोस, निदान दार तरी नीट बसव." चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की कामाला नाव ठेवलं म्हणून तू रुसून गेलास. 'फुकट' म्हटल्याचं कुणालाच सांगितलं नाही. दाजी तेव्हा कामावर होते, त्यांनाही नाही. काल त्यांना सांगितलं. ते ताटावरून उठून गेले.

दार अजून फितीने बांधून ठेवते. दुसऱ्या सुताराला हात लावू दिलेला नाही.

मागची खोली रिकामी केली आहे. शिलाई मशीन स्वयंपाकघरात आणलं, दाजींनी चिमीची खाट खिडकीपाशी लावली. मी चुकले, बाळ्या. मला माफ करायला तुला वेळ लागेल, लागू दे. फक्त तो वेळ इथे राहून घे. वेगळं जेवा, माझ्याशी बोलू नका. बघायला येणारा माणूस राहता का एवढंच बघतो, बोलता का ते विचारत नाही.

तो शब्द परत घेणारी,
तुझी ताई