बाबांचं नाक आणि कोंबडीचं खत

२१ फेब्रुवारी

शुद्धलेखन चुकणार, आधीच माफी. आणि एका बोटाने टाईप करतेय, आईच्या जुन्या फोनवर. त्याचा 'र' दोनदा दाबल्याशिवाय उमटत नाही, म्हणून वेळ लागतो. तरी वहीपेक्षा बरं. वही रेडिओ काकूंच्या हाती लागली तर संपलंच! (शेजारच्या काकू. चोवीस तास बातम्या, म्हणून रेडिओ. नाव बाबांनी ठेवलंय.)

आज बाबा स्वतःहून उठले! मागचं दार उघडून परसात उभे राहिले, हात मागे बांधून. म्हणाले, "इथे वाटाणा लावला तर?"

मी इतकी खूश झाले की नुसती मान हलवली.

२२ फेब्रुवारी

नीट लिहून ठेवते. बाबा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी. अठरा वर्षं. ऑक्टोबरमध्ये ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. चवही. कांदा आणि सफरचंद सारखंच लागतं म्हणतात. कॅन्टीनचे मालक म्हणाले, "मास्टर, नाक आलं की या. मार्चअखेरपर्यंत जागा ठेवतो." तेव्हापासून बाबा खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. जेवायला बसले की पोळीलाही, "आण, पुठ्ठा आण."

आई लॉन्ड्रीत इस्त्रीला जाते, म्हणून मी घरी राहिले त्यांच्यापाशी. नववी राहिली ती राहिलीच. खरं सांगू? परत जायचंच नव्हतं. उभं राहून धडा वाचायचा म्हटलं की मी बाकाखाली पेन शोधत बसायचे. बाबा मला म्याऊ म्हणतात. आवाज तेवढाच निघतो.

आज बाबांनी माती मुठीत दाबली, मूठ उघडली, बघितलं. "अजून ओली आहे. गोळा सुटत नाही. थांबू." मळलेलं पीठ बघतात ना, अगदी तसं बघत होते.

२६ फेब्रुवारी

पेरलं! कुंपणाकडे वाटाणा, मधे मुळा, इकडे पालक. वाटाण्याच्या प्रत्येक दाण्यात चार बोटं अंतर, मुळा-पालक नुसतं भुरभुरवलं. मी एक दाणा तिरका टाकला तर उचलून सरळ केला. आई म्हणाली, "अहो, ट्रेमध्ये बिस्किटं लावताय का?"

३ मार्च

मुळा आला!! अकरा. नाही, चौदा.

८ मार्च

मुळ्याची दाटी झाली. एक ठेवायचं, दोन उपटायची. मला जमेना. बाबा म्हणाले, "सगळे एकाच पातेल्यात कोंबलेस तर कोणीच शिजणार नाही." मग उपटली. प्रत्येकाला सॉरी म्हणत. बाबा हसले — आवाज करून!

एक रोप धुऊन त्यांनी तोंडात टाकलं. चावलं. थांबले. मग मला दिलं. "तिखट आहे?"

"थोडं."

"थोडं म्हणजे? नीट सांग ना."

"आधी काहीच नाही. मग जिभेच्या टोकाला मुंगी चावल्यासारखं. मग ते वर नाकात जातं आणि एकदम विझतं."

बाबांनी डोळे मिटले होते. गाणं ऐकतात तसे. "हं," म्हणाले. "म्हणजे अजून कोवळा."

मग पालकाचं सांगितलं. मग कुंडीतल्या पुदिन्याचं. जेवायला उशीर झाला.

१२ मार्च

काय करून बसले मी.

बाबा कोंबडीवाल्याकडून दोन पोती खत घेऊन आले. "पूर्ण मुरलेलं आहे म्हणाला. बघ, काळं, भुसभुशीत. वास म्हणून नाही!" आणि हातांनी मुळांपाशी पसरायला लागले. शीळ घालत. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा शीळ.

मी दारात आले आणि डोळ्यांतून पाणीच आलं. मेलेल्या उंदरालाही लाज वाटेल असा वास!

"छान ना?" बाबा म्हणाले.

"छान," मी म्हणाले.

बाबा झारी भरायला गेले तेवढ्यात रेडिओ काकू कुंपणावरून, नाकाला रुमाल लावून — "अगं, काय मेलंय का तुमच्याकडे?" मी ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले. काकूंनी एकदा नळापाशी वाकलेल्या बाबांकडे बघितलं आणि आत गेल्या. एक शब्द नाही! काकू!

१५ मार्च

पानांच्या कडा पिवळ्या झाल्यात. बाबा म्हणाले, पाणी कमी पडत असेल. घातलं.

१६ मार्च

मुळे आडवे झाले. सगळे.

१७ मार्च

आई रोज अंधार पडल्यावर येते, तोवर मागचं दार बंद; आज लवकर आली, दार उघडलं आणि ओरडलीच — "हे ताजं खत कोणी घातलं? भाजून काढलीत की रोपं!"

बाबांनी आईकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"तुला वास येत होता?"

"हो."

"मग?"

"तुम्ही शीळ घालत होता."

ते नळापाशी गेले. हात धुतले, बराच वेळ धुतले. मग खुर्ची. मग भिंत.

१८ मार्च

जेवले नाहीत. मी एकटीने वरची माती खरवडून बादल्यांत भरली, चार वेळा पाणी सोडलं. कुंपणाकडचा वाटाणा जगलाय. तिथवर खत पुरलं नव्हतं. पालक अर्धा.

१९ मार्च

आज मी खुर्ची आणि भिंत यांच्या मधे जाऊन उभी राहिले. बाबांना माझ्याकडे बघावंच लागलं. आणि मी सांगून टाकलं. की आधी सडक्या अंड्यासारखा येतो. मग न्हाव्याच्या दुकानात केस रंगवतात ना, तसा झोंबतो. आणि सगळ्यात खाली ओली पिसं.

"एवढं सगळं?"

"हो."

"आणि सकाळचा भात?"

"खाली लागला होता."

"मीठ?"

"घातलंच नव्हतं."

आतून आई — "मी घरातच आहे म्हटलं!"

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. मग माझं मनगट धरलं. "म्याऊ, माझं नाक गेलंय. तूही तुझं बंद ठेवलंस तर मी कोणाच्या भरवशावर राहू? मला छान-बिन सांगायचं नाही. खरं सांगायचं. वाईट वाटलं तर माझं मी बघीन."

भात खाल्ला. वरून मीठ घेऊन. किती घ्यायचं ते मी सांगितलं.

२३ मार्च

मालक आले, नाकाची चौकशी करायला. बाबा म्हणाले, "बसा, सूप करतो." आणि मला म्हणाले, "आज तू लांब थांब. मला बघायचंय." बटाट्याचं सूप. हातांना सगळं पाठ आहे त्यांच्या. सुरी चालते ती बघत राहावी.

मालकांनी एक चमचा घेतला. "वा मास्टर! आलं की नाक!" — आणि पाण्याचा पेला उचलला. अर्धा प्यायले.

बाबांनी तो पेला बघितला. मग मला विचारलं, "म्याऊ?"

अनोळखी माणूस समोर! कानापर्यंत तापले मी. पण मालकांनी म्हटलेलं ते "वा" — अगदी माझ्या "छान" सारखंच होतं.

मी चमचाभर प्यायले. "नाक नाही आलं," म्हणाले. "मिरी दुप्पट पडलीय. आणि बटाटा जरासा करपलाय."

मालकांचा चमचा हवेतच.

"कसं सावरू?" बाबा म्हणाले. जणू मालक तिथे नव्हतेच.

"दुसऱ्या पातेल्यात काढा, तळ खरवडू नका. दूध घाला. अजून. अजून थोडं. बास."

मालकांनी दुसरी वाटी घेतली. वा वगैरे काही नाही, वाटी पुसून खाल्ली. जाताना म्हणाले, "बघतो."

आई म्हणाली, "बघतो म्हणजे नाही." बाबा भांडी घासत होते. म्हणाले, "पण सूप जमलं होतं ना गं?"

"जमलं होतं," मी म्हणाले. खरंच जमलं होतं.

२४ मार्च

मुळा परत पेरला. बाबा वाफ्याच्या कडेला बसले. बोलले कमी, पण बसले.

२७ मार्च

मालकांचा फोन. बाबांना बोलावते म्हणाले तर, "नको, तूच ऐक. सोमवारपासून येशील? चव बघायला. नवीन आचारी ठेवतोय, त्याच्या हाताखाली."

मी म्हणाले, नवीन कशाला, आचारी आहेत तुमच्याकडे. मी त्यांच्याबरोबर येईन. नाहीतर नाही.

पलीकडे त्यांनी कोणाला तरी "गॅस बारीक कर" सांगितलं. मला वाटलं ठेवणार फोन.

मग म्हणाले, "सातला या. दोघं."

बाबा बाहेर वाटाण्याला काठ्या लावतायत. त्यांना अजून माहीत नाही. जाते, सांगते.