थांबलेली मूठ

गोरेगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. कुंदाताईंना,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे धड आहोत. तुमच्याशी फोनवर बोलायचं तर मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की बाहेरच्या खोलीतून यांचं सुरू होतं, काय झालं म्हणून. जे झालंय ते यांच्याच बाबतीत आहे. मोबाइलवर लिहिलं तर तुमचा नातू घरभर मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून हा पोस्टाचा उपद्व्याप.

गेल्या आठवड्यात क्लासमध्ये तुमच्या भावाची मूठ लागली. तुम्ही म्हणाल, कराटेच्या क्लासमध्ये मूठ नाही लागणार तर काय हळदकुंकू लागणार? पण ताई, चाळीस वर्षांत असं कधी झालं नाही. पूर्ण जोराने मारायची आणि समोरच्याच्या चेहऱ्याला न शिवता थांबवायची, यातच यांचा जन्म गेलाय. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात, की ठोसा मारायला सहा महिन्यांत येतं, थांबवायला आयुष्य जातं.

लागली ती मृणालिनीला. स्टेशनजवळ दवाखाना आहे ना, ती दातांची डॉक्टर; कितीतरी वर्षं यांच्याकडे शिकतेय. ओठ फाटला. तिने स्वतःच आरशात दात तपासले आणि हसत म्हणाली, सर, काही झालं नाही. सगळे हसले, हे तेवढे हसले नाहीत. आपली गंधाली तिथेच होती, घरी येऊन तिने मला सांगितलं.

मला वाटतं, यांना उजव्या डोळ्याने दिसत नाहीये. उजव्या हाताला ठेवलेला चहा निवून जातो. परवा दाराच्या चौकटीवर खांदा आपटला आणि चौकटीवरच डाफरले. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात चष्म्याचा नंबर बदलला असेल, वर्धापनदिन झाल्यावर बघू.

आणि माझी झोप उडालीय ती त्या वर्धापनदिनामुळेच. पंधरा डिसेंबरला क्लासचा कार्यक्रम आहे. शेवटी नवा ब्लॅक बेल्ट मिळालेला विद्यार्थी हात खाली सोडून उभा राहतो, आणि हे पूर्ण ताकदीने त्याच्या तोंडावर मूठ नेऊन थांबवतात. त्याने हलायचं नाही, पापणीही मिटायची नाही. यंदा तिथे गंधाली उभी राहणार आहे. माझी नात, ताई. मी कुणाला काही सांगितलं तर यांचा क्लास संपला, आणि नाही सांगितलं तर त्या पोरीच्या तोंडाचं काय होईल?

तुम्ही काही सुचवा. पण यांना लिहू नका. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
रत्नप्रभा


मुलुंड,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रत्नप्रभा हिला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र गोरेगावहून मुलुंडला पाच दिवसांनी पोचलं. पायी निघालं असतं आणि पवईला मुक्काम केला असता तरी लवकर आलं असतं.

तुझ्या सासूबाईंचे डोळे कसे गेले आठवतंय ना? आपण मोतीबिंदू, मोतीबिंदू म्हणत बसलो आणि निघाला काचबिंदू. तोवर उशीर झाला होता. हे आमच्या घराण्यातच आहे गं. मी वर्षभर थेंब घालतेय, आणि या शहाण्याला किती वेळा सांगितलं की तूही तपासून घे. प्रत्येक वेळी म्हणतो, रोज व्यायाम करणाऱ्याला काही होत नाही.

तुला ठाऊक नसेल, लहानपणी चंदूच्या हाताला लगाम नव्हता. तुझे सासरे, भाऊ, गिरणीतून दमून यायचे तर दारात कुणाची तरी आई तक्रार घेऊन उभी. कुणाचा दात, कुणाचं नाक. भाऊंनी मारलं की हा दुसऱ्या दिवशी आणखी जोरात मारून यायचा. सोळाव्या वर्षी कराटेला लागला तेव्हा मी देवापुढे हात जोडले होते, की आता हा कुणाचा तरी जीव घेणार. झालं उलटंच. त्यानंतर त्याने कुणावर हात टाकल्याचं मी ऐकलं नाही. म्हणून सांगते, त्या मुलीचा ओठ फाटला तेव्हा त्याला काय वाटलं असेल, ते मला इथे बसून कळतंय.

त्याला उचल आणि डॉक्टरकडे ने. मी त्याला एक अक्षर लिहिणार नाही, देवाशपथ.

तुझ्या पत्राची वाट पाहते. जिवाला जप.

तुझी,
कुंदाताई


गोरेगाव,
२६ नोव्हेंबर २०२४

ती. कुंदाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अचानक माझ्या डोळ्यांची इतकी चौकशी तुला कशी सुचली, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. घरात फितूर कोण आहे ते ओळखलं. तिला बोललो मात्र नाही, कारण ती घाबरली आहे. तुझा कान आणि माझा डोळा मिळून एक धड माणूस होईल, तेव्हा आता एकत्रच राहू.

थट्टा पुरे. तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगतो. मृणालिनीचा ओठ फुटल्यापासून मी रोज सकाळी गच्चीवर दोरीला रुमाल टांगतो आणि त्याच्यासमोर मूठ थांबवतो. कधी थांबते. कधी रुमाल हलतो. कुठे थांबायचं ते पूर्वी हाताला आपोआप कळायचं, आता अंदाज करावा लागतो.

लोक मला कराटेचं तत्त्वज्ञान विचारतात. त्यांना काही जपानी शब्द ऐकायचे असतात. माझ्यापाशी एवढंच आहे, की आपण नमस्कार करून सुरुवात करतो, नमस्कार करून संपवतो, आणि मधल्या वेळात समोरच्याने आपला चेहरा विश्वासाने आपल्याकडे ठेवायला दिलेला असतो. तो होता तसा परत करायचा. मृणालिनीचा मी तसा परत केला नाही.

डॉक्टरकडे जाईन, पण वर्धापनदिनानंतर. आधीच त्याने काही सांगितलं, तर माझा हात उचलणार नाही. गंधाली अकरा वर्षांची होती तेव्हापासून या दिवसाची वाट बघतेय, आणि ती वाट मीच बघायला लावली आहे. तिला कोणत्या तोंडाने सांगू?

हे रत्नाला कळवू नकोस. तुझी कृपादृष्टी असू दे, माझी स्वतःची दृष्टी तशी बेताचीच आहे.

तुझा,
चंदू


गोरेगाव,
३ डिसेंबर २०२४

ती. कुंदाताईंना,
सा. न. वि. वि.

देवाशपथ म्हणालात आणि त्याच आठवड्यात यांना लिहिलंत ना? यांच्या टेबलावर तुमच्या अक्षरातलं पाकीट बघितलं. रागावले नाही, कारण शेवटी मलाही कुठे राहवलं?

रविवारी सकाळी आम्ही आरे कॉलनीत फिरायला गेलो होतो. रस्ता ओलांडताना उजवीकडून बस आली आणि हे सरळ पुढे चालायला लागले. मी बाही धरून ओढलं. ड्रायव्हर वाट्टेल ते बोलला. हे मात्र तो कुणाला बोलतोय म्हणून इकडेतिकडे बघत होते, ताई.

घरी आल्यावर मी गंधालीला सगळं सांगून टाकलं, तर तिला आधीच माहीत होतं! मृणालिनीला लागलं त्याच्याही आधीपासून. म्हणून ती क्लासमध्ये नेहमी यांच्या उजव्या बाजूला उभी राहते. मी म्हटलं, मग तू त्या दिवशी काहीतरी सबब सांग. ती म्हणाली, मी बाजूला झाले तर आजोबांना कळेल की माझा त्यांच्यावर भरवसा उरला नाही. मी म्हटलं, बाई, निदान मूठ आली की मागे तरी हो. तर म्हणते, हलायचं नाही हे आजोबांनीच शिकवलंय, आणि दात काय, मृणालिनीताई नवे बसवून देईल. वर हसली. मला इतका संताप आला की मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही.

आजोबा ऐकेना, नात ऐकेना. हट्ट तुमच्याच घराण्यातला, माझ्या माहेरी असं नव्हतं. पोरीच्या बापाला, सुयोगला सांगावं तर तो आपल्या वडिलांशी भांडेल आणि क्लासला कुलूप लावेल. ताई, मला यांचा क्लासही हवाय आणि पोरीचं तोंडही. मला भीती वाटते. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

तुमचा हात पाठीवर असू द्या.

तुमची,
रत्नप्रभा


मुलुंड,
९ डिसेंबर २०२४

चि. सौ. रत्नप्रभा हिला,
अनेक आशीर्वाद.

शपथ मोडली खरी. सत्तरीनंतर शपथा पाळत बसायला वेळ कुणाला आहे?

माझे गुडघे जिने चढू देत नाहीत, नाहीतर आलेच असते. तू पहिल्या रांगेत, अगदी कडेला बस. त्याने मूठ उचलली आणि तुझं मन नाही म्हणालं, तर सरळ उठून मध्ये उभी राहा. लोक हसले तर हसू देत. म्हणावं, नणंदेने सांगितलंय.

झालं की लगेच कळव. तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तुझी,
कुंदाताई


गोरेगाव,
१७ डिसेंबर २०२४

ती. कुंदाताईंना,
सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: गंधालीला खरचटलंसुद्धा नाही. आता जेवा, मग पुढचं वाचा.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी कडेच्या खुर्चीवर बसले. चटकन उठता यावं म्हणून चपला काढून ठेवल्या होत्या. शाळेचा हॉल गच्च भरला होता. शेवटी ही दोघं समोरासमोर आली, नमस्कार झाला. गंधालीने हात खाली सोडले आणि यांच्याकडे बघत उभी राहिली. यांनी मूठ मागे घेतली. मी अर्धी उठले.

आणि यांनी हात खाली घेतला. तिला म्हणाले, की आज तू मार, मी उभा राहतो. मग मुलांकडे वळून म्हणाले, चाळीस वर्षं मी लोकांना माझ्यासमोर असं उभं केलं, स्वतः कधी उभा राहिलो नाही. पोरीला काय करावं कळेना. यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा ती तयार झाली.

एरवी ठोसा मारताना ती इतकी ओरडते की कानठळ्या बसतात. त्या दिवशी तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. बाजूने फिरवून मूठ मारली आणि यांच्या उजव्या डोळ्याशेजारी थांबवली. मध्ये बोट शिरलं नसतं. हे तसेच ताठ उभे. पापणी लवली नाही. मुलांच्या चेहऱ्यांवर कौतुक होतं, की सर बघा कसे निर्भय!

मग यांनी तिला विचारलं, की थांबलीस का, मार ना.

ताई, मूठ डोळ्याशी आलेली होती. सगळ्यांना दिसत होती. गंधाली रडायला लागली, पण तिने मूठ खाली घेतली नाही. तेव्हा यांनी हात वर नेला, चाचपडत तिची मूठ शोधली, आणि तळव्यात धरून बराच वेळ उभे राहिले. मग मान खाली घालून तिला नमस्कार केला. सर्वांसमोर सांगितलं, की मला या डोळ्याने दिसत नाही, मृणालिनीला लागलं ते त्यामुळे, आणि ते मी तिच्यापासून लपवलं. आता समोरासमोरचा सराव मृणालिनी घेईल.

काल डॉक्टरकडे जाऊन आलो. काचबिंदूच आहे. उजव्या डोळ्याचं गेलं ते परत येणार नाही. डावा राखता येईल, थेंब मात्र जन्मभर चुकवायचे नाहीत. मी खूप रडले आणि मग यांना खूप बोलले. यांनी दोन्ही ऐकून घेतलं.

दवाखान्यातून रिक्षाने आलो. आरे रोडला लागलो तेव्हा यांनी एकच विचारलं, गंधालीची मूठ डोळ्यापासून किती लांब थांबली होती. मी बोट आणि अंगठा जवळ आणून दाखवलं. हे समोर बघत वाट पाहत राहिले. तेव्हा लक्षात आलं की मी यांच्या उजवीकडे बसलेय. रिक्षा थांबवायला लावली, मी खाली उतरले, वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसले, आणि पुन्हा दाखवलं.

तुम्हाला न्यायला सुयोग रविवारी गाडी घेऊन येईल. जिन्याचं निमित्त चालणार नाही, आधार द्यायला गंधाली आहे. लोभ आहे तो घेऊनच या.

तुमची,
रत्नप्रभा