झांज वाजत होती

प्रिय आचल,

पोळा झाल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस. मला वाटलं, आमगावला सासरी कामाची घाई असेल. पोरगी रुसली असेल असं मनातही आलं नाही, कारण रुसण्यासारखं मी केलं तरी काय होतं? आज सकाळी ते कळलं. गाडीत बसून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घे. घडलं ते क्रमानेच सांगतो, मलाच अजून खरं वाटत नाहीये.

यंदाच्या मंडईच्या जत्रेसाठी दंडारवाल्या दुधरामने माझ्याकडून मोठी अ‍ॅम्प्लिफायरची मशीन बनवून घ्यायचं ठरवलं. दंडारीच्या नाचगाण्याचा आवाज नवेगाव बांधाच्या पार पलीकडे गेला पाहिजे म्हणे. मीही पेटलो. आवाजाला ताकद देणारे नेहमीचे बोटाच्या पेराएवढे मॉसफेट बाजूला ठेवून थेट काडेपेटीएवढे मागवले, वरून स्क्रूने तारा कसायच्या असतात ते. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड हीटसिंकवर दोन्हीकडे चार-चार बसवले. पहिल्यांदा करंट देताना रिवाजाप्रमाणे मध्ये शंभर वॅटचा बल्ब जोडला. लहानपणी तू त्या बल्बसमोर हात जोडून बसायचीस. तो पेटलेलाच राहिला की समजायचं, आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि मेहनत पाण्यात. या वेळी तो भपकन पेटला आणि लगेच मंद झाला. मी एकटाच टाळ्या पिटत बसलो.

मग गाणं लावलं. ढोलकी अशी घुमली की छपरावरची कवेलू थरथरली. पण झांज कुठेच नाही! असली तर गोधडीत गुंडाळलेली. माझं डोकंच फिरलं. मॉसफेट बनावट निघाले म्हणून देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आठही काढून दुसरे घातले, एकेक मोजून जोड्या लावल्या, गेटचे रेझिस्टर बदलले, बारीक सुरांचा हॉर्नसुद्धा बदलला. झांज मुकी ती मुकीच. तुझी आई म्हणायची, जेवा तरी. मी ताटावरही मशीनच उघडून बसायचो.

आज सकाळी दुधराम मशीन ऐकायला आला, तेव्हा मी तेच गाणं लावलं. झांज सुरू झाली असावी, कारण त्याने दोन्ही कानांवर हात दाबले. “काऊन गा भाऊ, कान फोडून राहिला का? झांज किती वर चढवून ठेवली!” मला वाटलं, मस्करी करतोय. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून मी गाणं काढून नुसता सूर सोडणारं यंत्र जोडलं आणि सूर हळूहळू बारीक करत वर नेला. एका जागी तो बंद पडला. बघ म्हटलं, इथे मरतेय मशीन. पण स्कोपच्या पडद्यावर लाट जशीच्या तशी होती, म्हणजे मशीन सूर सोडतच होती. दुधराम तोंड वाकडं करून उभा होता. आणि घरातून तुझी आई बाहेर आली, एका हातात फोन, दुसऱ्या हाताचं बोट कानात. कुत्रं उठून पळालं. सगळ्यांना ऐकू येत होतं, पोरी. मला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलो.

तेवढ्यात तुझ्या आईने मशीनचं बटण बंद केलं. ती तुझ्याशीच बोलून, मला जाब विचारायला बाहेर आली होती. काय बोलतेय ते मला धड कळेना, तेव्हा तिने माझे खांदे धरून मला तोंडासमोर वळवलं. “पोरीनं रडून रडून सांगतलन, हिमांशूनं मारलन, मी घरी येऊ का? अन् तुमी मस्त मस्त म्हनलात? बाप आहा का कोन आहा?”

आचल, पोळ्याच्या त्या फोनवर मला एक शब्द ऐकू आला नव्हता. फोनवर हल्ली नुसती गुणगुण येते. शब्दांच्या कडा कधीच गळून गेल्यात, आणि मी मोबाइललाच शिव्या देत होतो. तू नेहमीसारखं शेताचं, पाहुण्यांचं सांगत असशील असं धरून मी “हो हो, मस्त, मजेत राहा” म्हणालो आणि पुन्हा मॉसफेट कसायला बसलो. नवऱ्याचा मार खाल्लेल्या माझ्या लेकीला मी मजेत राहा म्हणालो.

हे पत्र मी दुधरामच्या पिकअपमध्ये बसून लिहिलं. आई ते घेऊन आत आलीय आणि मी तुझ्या दारासमोर रस्त्यावर आहे. आत आलो असतो, पण सासरच्या माणसांसमोर तू हळू बोलशील, मला ऐकू येणार नाही आणि माझ्या तोंडून पुन्हा हो हो निघून जाईल, याची भीती वाटली. म्हणून तू मला काहीच सांगू नको. यायचं असेल तर पिशवी घे आणि आईचा हात धरून बाहेर ये. मी दाराकडे बघतच बसलोय.

तुझाच,
बाबा