ईदच्या दिवशी दुधी

कोल्हापूर,
रविवार, २० डिसेंबर १९७०

हुसेनबी मावशी,

पिराजीचा पाया पडून नमस्कार. इकडं सगळं ठीक हाय असं पत्रात लिहायची रीत हाय. गेला महिनाभर मी तेच लिहीत आलो. आज मात्र ते खरं हाय.

नेसरीत थंडी पडली असंल. तुमच्या परड्यात मेथी आली का? इथं मंडईत कोवळा मुळा, चाकवत, दुधी यांचा नुसता ढीग पडलाय. तुम्ही म्हणाल, वांग्याशिवाय कशाला हात न लावणाऱ्या या पोराला भाजीपाल्याचं कौतुक कधीपास्नं? सांगतो.

आपल्या गावचा कृष्णात परवा कारखान्याच्या दारात आलता. मी त्याच दिवशी कामावर परत आलतो, समोरच व्हतो. त्यानं तुमचा निरोप अमीनला सांगितला, "ईदला आला न्हाईस, आता आईच्या दारात यायचं न्हाय. शहरात गेल्यावर आई कशाला लागतीया!" अमीन गप आपल्या लेथच्या मशीनवर जाऊन उभा राहिला. मावशी, त्याला बोलता येत नव्हतं, कारण त्याच्या तोंडाला कुलूप मी घातलतं.

रमजान निम्मा झाला आन् माझं डोळं पिवळं झालं. कावीळ. आमचे आबा काविळीनंच गेले, तुम्हाला ठावं हाय. आईला कळतं तर तिनं अन्नपाणी सोडलं असतं. आन् तिची पत्रं वाचून दाखवता तुम्ही. तुमच्या पोटात काय राहतंय व्हय! रागावू नका. म्हणून अमीनला माझी शपथ घातली, घरी एक अक्षर कळवायचं न्हाय. ती शपथ आज मीच मोडतोय. हे पत्र लिहितोय ते त्याला ठावं न्हाय.

डॉक्टरनं तेल बंद केलं, तिखट बंद केलं, मटणाचं तर नाव काढू नको म्हणाला. कोल्हापुरात राहून! खानावळवाला हसायलाच लागला. मग अमीननं आमच्या खोलीतच स्टो पेटवला. पहिल्या दिवशी सवयीनं दुधीत तुमची डब्यातली लाल चटणी चमचाभर टाकली, मग जीभ चावली, सगळी भाजी नळाखाली धुतली आन् परत शिजत घातली. मावशी, ती भाजी कुत्र्यानं हुंगली नसती. मी खाल्ली.

हळूहळू त्याचा हात बसला. तेल न्हाय तर भाजी करपू नये म्हणून झाकणावर पाणी ठेवायचा. चाकवत ताकात शिजवायचा, मुळ्याच्या पाल्यात मूगडाळ घालायचा. स्वतःचा रोजा, मीठ चाखता येत नव्हतं. "बघ रं, खारट झालं का?" म्हणून माझ्या तोंडाकडं बघत बसायचा. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचा, "गीळ गप."

ईदच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, जा गावाला, मी काढतो दोन दिवस कसंतरी. म्हणालो आन् उठताना चक्कर येऊन भिंतीला धडकलो. सकाळी नमाज पढून आला, नवा सदरा अंगात तसाच, आन् खाली बसून दुधी चिरायला लागला. "तुझ्यापुरतं तरी काय चांगलंचुंगलं कर की," मी म्हणालो. "एकट्यापुरतं काय करायचं?" म्हणाला. दोघांनी तीच बिनतेलाची भाजी खाल्ली. ताटं धुताना एकदाच बोलला, "आई वाट बघत असंल रं."

तुमचा शिरखुर्मा वाट बघून निवला तो माझ्यामुळं, मावशी. त्याचे उपकार त्याला बोलून दाखवले तर तो मला मारील, म्हणून तुम्हाला सांगतोय. मी जगलो तो तुमच्या पोरामुळं. हे पत्र आमच्या आईलाही वाचून दाखवा, पण तिची भाकरी खाऊन होऊ द्या आधी.

येत्या शनिवारी दुपारच्या एसटीनं आम्ही दोघं येतोय. अमीन म्हणतो, आईचा शब्द मोडायचा न्हाय, ती बोलवंपर्यंत मी स्टँडवरच बसणार. मग मीबी तिथंच बसणार. आमच्या आईनं हाका मारल्या तरी उठणार न्हाय. तुम्ही त्याला घरी नेलं, तरच मी माझ्या घरी जाईन.

तुमच्या लेकाच्या हातचं खाऊन पायावर उभा राहिलेला,
पिराजी