पत्त्यांवरचं नाक

४ ऑगस्ट २००८, सोमवार
मृण्मयीनं तिच्या पेरुंगुडीच्या ऑफिसातून एक कॉम्प्युटर घरी आणला. माझ्या बहिणीची, सुमनची ही लेक वर्षभर माझ्याकडे आहे. आता मलाच कामाला लावते. एका डब्यात आणखी दोन मशीनं चालतात म्हणे, नुसती सॉफ्टवेअरची. पडद्यावर दोघांच्या दोन खिडक्या. "तू फक्त वापर, मावशी. ऑफिसात सगळे उघडतात, बघतात, बंद करतात. तुझ्यासारखं दिवसभर उघडं कोणी टाकत नाही." कौतुक की काय, देव जाणे.
एकात माझा पत्त्यांचा डाव. दुसऱ्यात तिचे नागपूरचे फोटो, आईचे.

६ ऑगस्ट, बुधवार
विचारलं, नेमकं तपासायचं काय? मृ. म्हणाली, चित्रं दाखवणाऱ्या कार्डावर मेमरी थोडी. एक खिडकी खाली टाकली की तिची चित्रं साध्या मेमरीत उतरवायची, रिकामी जागा दुसरीला. पहिली वर आली की चित्रं परत चढवायची.
"आतल्या मशीनला विचारून?"
"त्याला पत्ताच नसतो. त्याला वाटतं, कार्ड आपल्या एकट्याचं."
आमच्या वरच्या भाडेकरूलाही असंच वाटायचं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळपासून पत्ते खाली. जेवून वर आणले. चौकटच्या राणीच्या जागी सुमनचं नाक. नाक, थोडा गाल, नथीचा मोती. क्षणभरच. मग राणी परत.
संध्याकाळी मृ.ला सांगितलं, ती पांढरी पडली. एकाची जागा दुसऱ्याला देताना आधी पुसायची असते. कुठेतरी न पुसता दिली जातेय. आणि हे सॉफ्टवेअर जाणार हॉस्पिटलात. दोन खिडक्या, दोन रोगी, दोन एक्स-रे.

११ ऑगस्ट, सोमवार
मृ.नं आज ऑफिसात सांगितलं. तिचा साहेब, वेंकट. "अम्मांना जेवल्यावर डुलकी लागली असेल" म्हणाला. मी आयुष्यभर कोर्टात लघुलेखन केलं. साक्षीदार पेंगले, वकील पेंगले, एकदा खुद्द न्यायाधीश. मी नाही.
गुरुवारी मृ.नं 'तपासलं, ठीक' म्हणून सही द्यायची आहे. नाहीतर दुसरी नोकरी शोधायची. असं तो म्हणाला नाही, नुसता हसला.

१२ ऑगस्ट, मंगळवार
दिवसभर खाली, वर, खाली, वर. राणी जागच्या जागी. मेली.

१३ ऑगस्ट, बुधवार
आजही नाही. जेवताना मृ. हळूच, "मावशी, नक्की ना?" दह्याची वाटी तिच्यापुढे सरकवून उठले. कॉन्व्हेंटात मराठी बोलले म्हणून बाकावर उभं केलं होतं, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.
तिचा दोष नाही. पाहिलं मी एकटीनं. नोकरी तिची. 'असेल बाई डुलकी' एवढं म्हटलं की सगळं मिटतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार
दुपारी वेंकटचाच फोन. लोण्यासारखं इंग्रजी. मृ. शेजारीच बसली आहे म्हणाला, स्पीकर चालू आहे. "अम्मा, चूक होणं शक्य आहे, एवढंच म्हणा."
"तुमच्या बहिणीचं नाक तुम्ही ओळखाल?"
"पण क्षणभरच दिसलं ना?"
"ती जन्मली त्या दिवसापासून बघतेय ते. क्षण पुरतो."
पलीकडून मृ.चं हसू, किंवा ठसका. फोन बंद.
सही केली की नाही, कळलं नाही. दिवेलागण झाली, अजून आलेली नाही. पत्ते त्या शुक्रवारसारखे सकाळपासून खाली आहेत. दुसऱ्या खिडकीत सुमनचा फोटो पडदाभर करून ठेवला आहे. मृ. आल्याशिवाय पत्ते वर आणणार नाही. या वेळी दोघींनी बघायचं.