हात हलवणार नाही

१४ जानेवारी
टीव्हीवर एक प्रोफेसर म्हणाला, माणसाला अख्खा मुक्काम आठवत नाही. एखादा मोठा क्षण आठवतो, आणि शेवट. पुन्हा यायचं की नाही, हे त्यावरच ठरतं. माझी शाळा लवकर सुटली, पण एवढं मला आधीच कळत होतं. फक्त कुणी विचारलं नाही.

१५ जानेवारी, सकाळी
कुनिमात्सु येतोय! तीस वर्षांपूर्वी आमच्या सरायीत उतरला होता आणि जाताना आमच्याच फाटकात, चारचौघांत ओरडला होता, "तोकुजी, तुझ्या गरम कुंडातलं पाणी म्हणजे काल उरलेलं कोमट सूप!" त्याच्या मुक्कामातलं बाकी काही आठवत नाही. गरजही नाही.
आता सराय सून साएकोच चालवते. ती म्हणाली, "बाबा, ते ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांना आवडलं तर मंडळ दर हिवाळ्यात आपल्याकडे उतरेल. नाहीतर मार्चमध्ये कुलूप. तोंड आवरा."
आवरलंय. सूड तोंडाने घ्यायचा नसतो.

त्याच दिवशी, दुपारी
प्लॅन ठरला. पाहुण्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही फाटकात उभं राहून हात हलवतो. पन्नास वर्षं हलवला. त्याच्यासाठी हलवणार नाही. मरेपर्यंत तोच शेवट आठवेल त्याला. कुलपाचं नंतर बघू.

१९ जानेवारी
आला. काठी टेकत. कमरेत वाकून नमस्कार केला. मी मुद्दाम कमी वाकलो. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती, दिसलं नसावं.
खोलीच्या दाराशी संडासातल्या चपला ठेवल्या. साएकोने बदलल्या. घरभेदी.

२० जानेवारी
जेवताना साएको त्याला म्हणाली, "काका, मी नवी नवरी होते तेव्हा तुम्हीच ना दोन दिवस आमच्या छपरावरचा बर्फ उपसलात?" कुनिमात्सु लाजला. मला असलं काही आठवत नाही, म्हणजे घडलं नसणार.
मी सहज सुपाचा विषय काढला. म्हणाला, "असं बोललो मी? छे!" नालायक. मग म्हणाला, "त्या खेपेचं मला एकच आठवतं बघ. भर बर्फात तू वळणापर्यंत हात हलवत होतास. म्हणून तर आलो, लेका."
उत्तम! घाव कुठे घालायचा, ते त्यानेच दाखवलं.

२१ जानेवारी, सकाळी
दोन्ही हात बाह्यांत कोंबणार. पाठ त्याच्याकडे. दगडासारखा उभा राहणार.

२१ जानेवारी, दुपारी
गाडी सुटली. पाठ फिरवली. पण त्याचा पडलेला चेहरा बघितला नाही तर सुडाची चव काय? म्हणून जरासा वळलो. तो काच खाली करून, अर्धा बाहेर येऊन, आधीच हात हलवत होता. माझा उजवा हात वर गेला. सवयीने गेला, माझा संबंध नाही. मग डावाही. बर्फात गाडी गोगलगायीसारखी चालली होती. वळण काही येईना.

२२ जानेवारी
मंडळाचं बुकिंग आलं. या हिवाळ्याचं आणि पुढच्याचंही. साएको आधी रडली, मग माझ्यासाठी मासा भाजला. म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे झालं." मी मासा संपवला.
दोन्ही खांदे धरलेत. शेकायला कुंडात बसलो.
पाणी कोमट होतं. आजच निवलं असणार.